अर्जदार मी, प्रमाणपत्र मात्र यांचे

वाळवा तालुक्यातील आमची वीस गुंठे जमीन उसाला पाणी पाजून पाजून क्षारपड झाली. वर पांढरा थर, खाली चिखल, आणि ऊस गुडघ्याच्या वर जाईना, तेव्हा तेथे मत्स्यतळे खोदण्याचे घरात ठरले. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिला अर्जदाराला ६० टक्के आणि सर्वसाधारण गटातील पुरुषाला ४० टक्के अनुदान होते, म्हणून अर्ज माझ्या नावाने केला. योजनेच्या दराने हेक्टरी ७ लाख रुपये तळ्याचे आणि ४ लाख निविष्ठांचे (बीज, खाद्य वगैरे) धरले, तर वीस गुंठ्यांचा खर्च २ लाख २० हजार होतो. म्हणजे अर्जावर कोणाचे नाव आहे, याची किंमत ४४ हजार रुपये. हा आकडा पुढे मला अनेकदा तोंडपाठ म्हणून दाखवावा लागला.

सातबारा, नकाशा, पतीकडून माझ्या नावे नोंदणीकृत भाडेकरार, अंदाजपत्रक हे सर्व महिनाभरात झाले. अडले ते प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रावर.

तीन दिवसांचे मत्स्यपालन प्रशिक्षण माझ्या पतींनी अर्जाच्या आधीच पूर्ण केले होते आणि त्यांचे प्रमाणपत्र आम्ही फाईलला जोडले होते. फाईल घेताना मत्स्यव्यवसाय कार्यालयातील टेबलावरचे लिपिक म्हणाले, "वहिनी, ट्रेनिंग मालकांचं झालंय की, मग काय काळजी?" दोन महिन्यांनी तीच फाईल "प्रशिक्षणार्थी व अर्जदार भिन्न" असा शेरा घेऊन परत आली. मी शेरा दाखवला, तेव्हा त्याच टेबलावरून सल्ला मिळाला की अर्ज मालकांच्या नावाने करा, लगेच पुढे सरकेल. नियम चुकीचा होता असे माझे म्हणणे नाही. ज्याने तळे सांभाळायचे त्याने शिकलेले असावे, हे मला मान्यच आहे. राग याचा की तो नियम पहिल्या दिवशी कोणी सांगितला नाही, आणि सांगायची वेळ आली तेव्हा मला शिकवण्यापेक्षा माझे नाव खोडणे त्यांना सोपे वाटले.

मी प्रशिक्षणासाठी स्वतंत्र अर्ज दिला. उत्तर मिळाले की वीस नावे जमल्याशिवाय तुकडी लागत नाही. नावे किती जमली, हे विचारायला मी दर पंधरा दिवसांनी जात होते. आकडा सात, सात, आठ, पुन्हा सात असा चालला होता, आणि कमी झालेले एक नाव कोणाचे हे कोणालाच सांगता येत नव्हते. चौथ्या फेरीनंतर माझा धीर सुटला. आमच्या बचत गटातून आणि शेजारच्या दोन गावांतून मीच अकरा बायका गोळा केल्या. पाच जणींच्या घरी शेततळे होते, तिघी बाजारात मासे विकत होत्या, उरलेल्या तिघी निव्वळ कुतूहलाने आल्या. अकरा अर्ज एकदम टेबलावर ठेवताना मला जे वाटले, ते लपवण्याचे कारण नाही. येथेच एक सांगून ठेवते, खरे तर आधी सांगायला हवे होते: प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. माझा पहिला अर्ज सापडत नाही असे मला दोनदा सांगण्यात आले, आणि दोन्ही वेळा त्या शिक्क्यामुळेच तो सापडला.

उरलेली नावेही जमून तुकडी लागली, तर निवासाची सोय फक्त पुरुषांसाठी असल्याचे कळले. आम्ही बाराजणी तीन दिवस पहाटे धारा काढून सहाची एसटी धरत होतो.

प्रशिक्षण मात्र उत्तम झाले. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी खातो, म्हणून तिन्ही एकत्र सोडतात, एवढे मला पतींकडून माहीत होते. पाण्यातील विरघळलेला प्राणवायू मोजायचे त्यांनी नुसते पाहिले होते; आम्हांला प्रत्येकीला करायला लावले. बाटलीत दोन रसायने घातली की तपकिरी साका बसतो, आम्ल घातले की तो विरघळून पाणी पिवळे होते, मग स्टार्चने गडद निळे. त्यात ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीतून, थायोसल्फेटचे द्रावण थेंब थेंब सोडत राहायचे, आणि एका थेंबाला सगळा निळा रंग नाहीसा होतो. मासे विकणाऱ्या एका बाईने तो थेंब पाहून मोठ्याने "गेलं!" म्हटले. पहाटे मासे वर येऊन तोंड का मारतात, हे तिला इतकी वर्षे कोणी सांगितले नव्हते: रात्री शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट वापरते, म्हणून सूर्योदयापूर्वी पाण्यात तो सर्वांत कमी असतो.

क्षारपड जमिनीत कोळंबी करावी का, हेही मी तेथेच विचारले. केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेच्या हरियाणातील लाहली येथील केंद्रात खाऱ्या भूजलात कोळंबी वाढवण्याचे संशोधन झाले आहे. अशा पाण्यात पोटॅशियम कमी असते, म्हणून ते पोटॅश घालून भरून काढावे लागते. आमच्या पाण्याचा अहवाल पाहिल्यावर मी कोळंबीचा विचार सोडला. पाण्याचा अहवाल खोदाईच्या आधी करून घ्यावा. आम्ही खोदाईवाल्याला आगाऊ रक्कम देऊन बसल्यावर केला.

प्रमाणपत्र हातात आले तेव्हा मूळ अर्जाला सहा महिने झाले होते. ते फाईलला लावताना लिपिकांनी नाव दोनदा वाचले आणि विचारले, "मालक आले नाहीत?" मंजुरी त्यानंतर पाच आठवड्यांत मिळाली, आणि पावसाळ्याच्या तोंडावर बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची माशांची पिल्ले, सोडली; त्यांच्या पिशव्या आधी वीस मिनिटे तळ्यात तरंगत ठेवल्या, म्हणजे आतल्या-बाहेरच्या पाण्याचे तापमान सारखे होते.

एक राहिले. तपासणीची बाटली पाण्याखालीच बूच लावून बंद करावी. बुडबुडा अडकला की प्राणवायूचा आकडा फुगतो. माझ्या नोंदवहीतील पहिल्या तीन ओळी त्यामुळेच खोडलेल्या आहेत.