वाक्याला टेकून आलेले चिन्ह

लिहिलेल्या संभाषणात हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चिन्हे असावीत की नसावीत, यावर आपल्याकडे मोठ्या हिरिरीने वाद होतात. धड दोन वाक्ये लिहिता येत नाहीत म्हणून चित्रे चिकटवावी लागतात, असे माझ्या पिढीतील पुष्कळांना वाटते. तर चिन्हाशिवाय आलेला निरोप रागानेच पाठवलेला असणार, असे माझे विद्यार्थी धरून चालतात. मी पुण्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवते आणि या दोन्ही मंडळींशी माझा रोजचा संबंध येतो. माझे मत असे झाले आहे, की ही चिन्हे वाक्याला टेकून येतात तोवर फार मोलाचे काम करतात. पण वाक्य गाळून नुसते चिन्ह पाठवण्याची सवय लागली, की त्याच चिन्हांमुळे माणसे दुखावतात, क्वचित त्यांचे नुकसानही होते.

या चिन्हांचा जन्मच एका गैरसमजातून झाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या सामायिक फलकावर लिफ्ट आणि पारा यांविषयी एक शास्त्रीय कोडे चघळले जात होते. त्यात कोणीतरी गमतीने लिहिले, की प्रयोगामुळे एका लिफ्टमध्ये पारा सांडला आहे. काहींनी तो इशारा खराच मानला. तेव्हा विनोदी मजकूर ओळखू यावा म्हणून काही खूण असावी अशी चर्चा सुरू झाली आणि १९ सप्टेंबर रोजी स्कॉट फालमन या प्राध्यापकांनी सुचवले, की विनोदाच्या शेवटी अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि कंस ही तीन चिन्हे ओळीने लिहावीत आणि मान वाकडी करून ती वाचावीत. डोळे, नाक, हसरे तोंड. कंस उलटा केला, की तोंड पडलेला चेहरा.

म्हणजे पहिले हसू विरामचिन्हांतूनच घडलेले आहे, आणि विरामचिन्हांचा विषय निघाला की पुण्याचा उल्लेख करावाच लागतो. मोडी कागद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ठाऊक असते, की त्यात शिरोरेघ आधी सलग ओढलेली असते, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह वगैरे काहीच नसते. एकोणिसाव्या शतकात मराठीला विरामचिन्हांची शिस्त लावण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थ यांच्या कोशाला हातभार लावणारे आणि पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची धुरा सांभाळणारे हे गृहस्थ. ज्या उद्गारचिन्हाशिवाय आज आपले पान हलत नाही, ते आपल्याकडे परभाषेतून आलेले आहे, आणि ते आल्याने मराठी दुबळी झाली असे कोणीही म्हणत नाही. त्यामुळे ‘हे बाहेरचे खूळ आहे’ हा आक्षेप मला टिकण्यासारखा वाटत नाही.

शिवाय अक्षरांबाहेरच्या खुणांनी भावना कळवण्याची रीत आपल्याकडे मोबाइलच्या कितीतरी आधीपासून होती. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेले असे. मृत्यूची बातमी देणाऱ्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला असे, आणि पोस्टमनच्या हातातला तो फाटका कोपरा दिसताच, मजकूर वाचण्याआधीच, घरातली माणसे खाली बसत. मात्र त्या कार्डावर मजकूर असे. कोण गेले, कधी गेले, दिवस कुठे होणार, हे सगळे लिहिलेले असे. नुसता कोपरा फाडून कोरे कार्ड कोणी पाठवत नव्हते.

आता गरज वाढली आहे ती अशासाठी, की पूर्वी जे आपण तोंडाने बोलत होतो ते आता लिहितो. पत्राला मायना होता, ‘लोभ असावा ही विनंती’ होती. त्या चौकटीत सूर आपोआप सांभाळला जाई. व्हॉट्सॲपवरचा निरोप बोलण्याइतका तोकडा असतो आणि त्यात आवाज नसतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसले: ईमेल लिहिणाऱ्याला वाटत होते, की आपला उपरोध वाचणाऱ्याला सहज कळेल, वाचणाऱ्याला मात्र तो त्या मानाने फारच कमी वेळा कळत होता. लिहिताना आपल्या मनात आपलाच आवाज घुमत असतो, म्हणून समोरच्यालाही तो ऐकू येत असेल असे आपण गृहीत धरतो.

माझ्या घरातलेच एक उदाहरण देते. श्रावणात मामीच्या सुनेची मंगळागौर होती. त्या दिवशी पावसाची झड लागली होती, आणि माझी आई वडगाव शेरीहून कोथरूडला जाणार होती. मामीने निरोप पाठवला, ‘वन्सं, पाऊस फार आहे. तुम्ही नाही आलात तरी चालेल.’ आईने मोबाइल बाजूला ठेवला आणि म्हणाली, “चालेल म्हणजे? माझ्यावाचून काही अडत नाही, असंच ना?” मामीला काळजी होती आईच्या गुडघ्यांची. हेच वाक्य तिने फोनवर म्हटले असते, तर ‘चालेल’ला जो हेल आला असता त्यानेच सगळे कळले असते. ‘चालेल हं’ असे लिहिले असते तरी पुष्कळ भागले असते. मराठीत ‘हं’, ‘बरं का’, ‘की’, ‘ना’, ‘गं’, ‘हो’ अशा चिमुकल्या शब्दांची रेलचेल आहे आणि सूर वाहून नेण्याचे काम त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. रोमन लिपीत घाईघाईने टंकताना ते गळून पडतात. त्यांच्या जागी एक साधा हसरा चेहरा आला असता, तर मी त्याला भाषेचा ऱ्हास म्हटले नसते. आईचे दोन दिवस बरे गेले असते.

एक बारीक गोष्ट इथेच नोंदवते, कारण आम्हा मास्तर मंडळींना ती खटकते. अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले, की मोबाइलवरच्या एकशब्दी उत्तराला पूर्णविराम दिला, तर वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना ते उत्तर कमी मनापासून दिलेले वाटते. ‘हो’ आणि पूर्णविरामासह ‘हो’ यांत माझे विद्यार्थीही फरक करतात. व्याकरणाने आपण बरोबर असू, तरी वाचणारा चिन्हाचा जो अर्थ लावतो त्याकडे डोळेझाक करून चालत नाही.

आता दुसरी बाजू, आणि मला अधिक अस्वस्थ करणारी बाजू हीच आहे. आमच्या सोसायटीतील एक काका गेले. समूहावर निरोप आला: आज पहाटे दुःखद निधन, अंत्यविधी वैकुंठ स्मशानभूमीत. त्याखाली जोडलेल्या हातांच्या रांगा सुरू झाल्या; काहींनी एक जोडी, काहींनी तीन, कोणी रडणारा चेहरा समजून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा पाठवला आणि घाईघाईने पुसला. चार दिवसांनी मी काकूंना भेटायला गेले, तेव्हा त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला आणि बोटाने पडदा वर सरकवत राहिल्या. हातांमागून हात जात होते. एका ठिकाणी त्यांचे बोट थांबले. तिसऱ्या मजल्यावरच्या एका तरुण आईने लिहिले होते, ‘काका रोज माझ्या मुलाला हाताला धरून शाळेच्या बसपर्यंत न्यायचे. आज तो फाटकापाशी त्यांची वाट बघत होता.’ काकूंनी ते मला मोठ्याने वाचून दाखवले. इतक्या सगळ्या निरोपांत वाचून दाखवता येईल असे तेवढेच होते. जोडलेले हात खोटे होते असे मी म्हणत नाही, पाठवणाऱ्यांना वाईट वाटलेच असेल. पण चिन्ह सगळ्यांचे सारखे असते आणि त्यामुळे कोणाला काय वाटले ते त्यात उरत नाही.

अंगठ्याचे प्रकरण याहून व्यावहारिक आहे. माझा भाचा हिंजवडीतील एका कंपनीत नोकरी करतो. चुलतभावाच्या मुंजीसाठी त्याने वरिष्ठांना दोन दिवसांची रजा मागितली आणि उत्तरादाखल वर केलेला अंगठा आला. मंजुरी मिळाली असे समजून तो सांगलीला गेला. वरिष्ठांनी मात्र ‘निरोप पाहिला’ एवढ्याच अर्थाने तो पाठवला होता. रजा विनापरवाना ठरली आणि पगार कापला गेला.

हीच अडचण न्यायालयांपुढेही आलेली आहे. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात एका धान्य-खरेदीदाराने २०२१ मध्ये जवसाच्या कराराचा फोटो शेतकऱ्याला मोबाइलवर पाठवून तो नक्की करण्यास सांगितले. शेतकऱ्याने अंगठा पाठवला, पण जवस काही दिले नाही. करार मिळाला एवढेच मला कळवायचे होते, असे त्याचे म्हणणे होते. २०२३ मध्ये न्यायालयाने अंगठा म्हणजे स्वीकृतीच मानली आणि सुमारे ८२,००० कॅनेडियन डॉलरांची भरपाई द्यायला लावली. पुढे अपिलातही तो निकाल टिकला. याउलट मद्रास उच्च न्यायालयासमोर २०२४ मध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाचे प्रकरण होते. एका अधिकाऱ्याच्या हत्येविषयी समूहावर आलेल्या निरोपाखाली त्याने अंगठा दिला, तो हत्येचा आनंद मानला गेला आणि त्याला नोकरीतून काढण्यात आले. संदेश पाहिल्याची पोच, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो असे न्यायालयाने म्हटले आणि त्याला पुन्हा सेवेत घेण्याचा निर्णय कायम ठेवला. आधीचे व्यवहार, नाती, प्रसंग पाहूनच दोन्ही ठिकाणी अर्थ लावावा लागला. एका ओळीच्या उत्तराने जे निभावले असते, त्यासाठी इतक्या माणसांची वर्षे खर्ची पडली.

चित्रही सगळीकडे एकच नसते, हे पुष्कळांना माहीत नसते. जपानमधील डोकोमो कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १९९९ मध्ये १७६ चित्रे तयार केली आणि २०१० मध्ये युनिकोडने, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांना जगभर समान क्रमांक देणाऱ्या मानकाने, इमोजींना, म्हणजे अशा चित्रांना, सर्व यंत्रांसाठी समान क्रमांक दिले. पण समान असतो तो क्रमांक, त्याचे चित्र प्रत्येक कंपनी आपापले काढते. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांना २०१६ मध्ये आढळले, की डोळ्यांसकट हसणारा चेहरा एका कंपनीच्या मोबाइलवर आनंदी, तर दुसऱ्या कंपनीच्या मोबाइलवर दात आवळलेला दिसत होता. त्याच वर्षी ॲपलने पिस्तुलाच्या जागी पाण्याची पिचकारी आणली, इतर कंपन्या नंतर त्याच वाटेने गेल्या, आणि लोकांच्या जुन्या निरोपांतली पिस्तुले त्यांच्या नकळत पिचकाऱ्या झाली. शब्दाच्या बाबतीत असे कधी घडत नाही.

माझ्या वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थी होता. त्याचा मोबाइल मजकूर वाचून दाखवत असे आणि चिन्ह आले की त्याचे नाव उच्चारत असे. निकालानंतर मित्रांचे निरोप तो कानाशी धरून ऐकत होता: अभिनंदन, मग टाळ्या वाजवणारे हात, टाळ्या वाजवणारे हात, टाळ्या वाजवणारे हात. तो म्हणाला, “मॅडम, एक असलं की बरं वाटतं. दहा आली की पुढचं वाक्य येईपर्यंत मी कंटाळतो.” तेव्हापासून मी एका निरोपात एकच चिन्ह वापरते, तेही वाक्याच्या शेवटी, आणि विद्यार्थ्यांनाही तसे करायला सांगते. आपला निरोप कोणी कानांनी वाचत असेल, हे त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मनातही आलेले नसते.

सोसायटीत यंदा इमारतीच्या रंगकामाच्या वर्गणीचा प्रश्न निघाला, तेव्हा समूहावरच्या अंगठ्यांना संमती समजावे की नाही यावर बराच खल झाला. पैशाच्या विषयावर सदनिकेचा क्रमांक आणि ‘संमत आहे’ किंवा ‘संमत नाही’ असे शब्दांत लिहावे, आणि अंतिम निर्णय सर्वसाधारण सभेतच व्हावा, अशी विनंती मी केली. समितीने ती मान्य केली, आणि कोणाचे निधन झाले तर निदान एक वाक्य लिहावे, ही सूचना काकूंच्या मुलीने आपणहून त्यात जोडली. पाण्याचा टँकर आल्याच्या निरोपाखाली अंगठे पूर्वीसारखेच उमटतात, आणि तिथे ते पुरेसे आहेत.