रकाना एक, नावं तीन

सबटायटलच्या कामात शुक्रवारी दुपारी येणारं तिकीट, म्हणजे चूक दुरुस्त करायची नोंद, कुणालाच नको असतं. मला आलं त्यात एकच ओळ होती: 'मेन टायटलमधलं लेखकाचं क्रेडिट डायलॉग लिस्टशी जुळत नाही.' सिनेमा 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय', 1957 चा.

आमचं ऑफिस मालाडला. जुने इंग्रजी सिनेमे येतात, आम्ही हिंदी-मराठी सबटायटल करतो आणि सोबत क्रेडिटची शीट भरून देतो. लेखक, निर्माता, पुरस्कार, सगळे रकाने. व्हिडिओबरोबर एक डायलॉग लिस्टही येते. ती बहुतेक वेळा कुठल्यातरी जुन्या प्रिंटवरून टाईप केलेली असते. या लिस्टमध्ये पटकथा पिएर बूल यांची होती आणि पडद्यावर मात्र मायकेल विल्सन आणि कार्ल फोरमन. आमचा नियम साधा आहे: पडद्यावर दिसतं तेच शीटमध्ये जातं. पाच मिनिटांत तिकीट बंद करून मी मोकळी झाले असते. पण आमची टीम लीड म्हणाली, "दोन्ही फायली क्लायंटच्याच आहेत. एक चूक कशी, ते कारण लिहून पाठव. नाहीतर सोमवारी परत तुझ्याच डोक्यावर येईल."

कारण शोधायला बसले आणि चहा गार झाला.

बूल हे मूळ कादंबरीचे लेखक, फ्रेंच. कादंबरी त्यांचीच, त्यात वाद नाही. पण इंग्रजी पटकथा त्यांनी लिहिलीच नव्हती. तरी 1958 च्या सोहळ्यात पटकथेचं ऑस्कर त्यांच्या नावावर गेलं, कारण ज्या दोघांनी ती लिहिली ते हॉलिवूडच्या काळ्या यादीत होते, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून त्यांना काम मिळत नव्हतं. त्यांचं नाव पडद्यावर आणायची कुणाची हिंमत नव्हती. त्यातही दोघांनी शेजारी बसून लिहिलं असंही नाही. आधी फोरमननी लिहिलं, ते दिग्दर्शक डेव्हिड लीनना पसंत पडलं नाही, मग विल्सन आले.

फोरमन हे नाव मला ओळखीचं वाटत होतं. आमच्याच कॅटलॉगमध्ये फिल्टर लावला आणि एका माणसाची अख्खी कारकीर्द ओळीने समोर आली. 1949 चा 'चॅम्पियन', लेखक. 1950 चा 'द मेन', लेखक. मार्लन ब्रँडोचा पहिला सिनेमा. 1952 चा 'हाय नून', लेखक. मग थेट 1958 चा 'द की', लेखक आणि निर्माता. 1961 चा 'द गन्स ऑफ नॅव्हरोन', पुन्हा दोन्ही. 1952 ते 58 च्या मध्ये काही नाही. भर उमेदीतला, ऑस्करच्या नामांकनांत सारखा येणारा लेखक एकाएकी गायब. शीट भरताना असा खड्डा दिसला की आम्ही 'डेटा मिसिंग' असा लाल शेरा मारतो. इथे डेटा गहाळ नव्हता, माणसालाच बाजूला काढलं होतं.

'हाय नून'चं चित्रीकरण चालू असतानाच, सप्टेंबर 1951 मध्ये, अमेरिकन संसदेच्या समितीने फोरमनना जबाबाला बोलावलं. कम्युनिस्ट पक्षात कोण कोण होतं, नावं सांगा. आज आपण सभासद नाही एवढं त्यांनी सांगितलं. बाकी नावं घ्यायला नकार दिला. भागीदार स्टॅन्ली क्रेमर यांच्याशी फाटलं. या सिनेमाचे ते सहनिर्माते होते, ते क्रेडिट गेलं, लेखकाचं तेवढं राहिलं. गाव पाठ फिरवतं आणि गावचा मार्शल, म्हणजे पोलीस अधिकारी, एकटा उरतो, हा सिनेमा लिहिणाऱ्याच्याच वाट्याला हे यावं! कथेत कुणी घातलं असतं तर मी 'जरा अतीच होतंय' म्हणाले असते.

मग लंडन. 1954 चा 'द स्लीपिंग टायगर' टोपणनावाने, 'क्वाय' बिननावाने. 1956 मध्ये समितीपुढे बंद दाराआड पुन्हा जबाब झाला, तेव्हाही त्यांनी नावं दिली नाहीत, आणि त्यानंतर दारं उघडली. ते नेमकं कसं जमवलं यावर त्यांच्या जुन्या सोबत्यांत बरीच कुजबुज झाली. मला त्या कुजबुजीत फारसा रस नाही. नावं न देता परत काम मिळवणारे त्या काळात किती होते?

मी हे सगळं मोठ्याने वाचत होते बहुतेक, कारण आमचे रेकॉर्डिस्ट काका डबिंगच्या बूथमधून बाहेर आले. निवृत्तीला आलेला माणूस, कानातला हेडफोन गळ्यात. "कोण गं हा फोरमन?"

मी यादी खाली सरकवली. 1969, 'मॅकेनाज गोल्ड', लेखक-निर्माता कार्ल फोरमन.

"आयला, मॅकेनावाला?" काका खुर्ची ओढून बसलेच. मग गिधाड, घोडे, ओमर शरीफ, शेवटी कोसळणारे ते सोन्याचे कडे. अमेरिकेत या सिनेमाला कुणी फारसं विचारलं नाही, आपल्याकडे मात्र तो वर्षानुवर्षं परत परत लागत राहिला आणि लोक जात राहिले. "लेखक कोण, हे कुणी बघितलंय? नावं संपेपर्यंत आम्ही खुर्च्या शोधत असायचो," काका म्हणाले. खरंय ते. पोट भरायला मी नावं बघते, नाहीतर मीही 'स्किप इंट्रो'च दाबलं असतं.

कारण लिहायला घेतलं तर आणखी एक भानगड. विल्सन 1978 मध्ये वारले, फोरमन जून 1984 मध्ये. अकादमीने 1984 मध्येच दोघांना मरणोत्तर ऑस्कर द्यायचं ठरवलं. बूल यांचं मात्र काढून घेतलं नाही. म्हणजे अकादमीच्या नोंदीत त्याच पुरस्काराला आता तीन नावं आहेत. पुढे सिनेमाची प्रत नव्याने दुरुस्त झाली तेव्हा श्रेयनामावलीत विल्सन आणि फोरमन आले. आमची लिस्ट त्याआधीच्या प्रिंटवरची, एवढाच घोळ.

शीट भरली. पटकथा: विल्सन, फोरमन. मूळ कादंबरी: बूल. पुरस्कार: तिघं. सेव्ह केलं तर सिस्टिमने लगेच लाल खूण दाखवली, 'पुरस्कारातलं नाव लेखकाच्या रकान्यात सापडलं नाही.' लीडला बोलावलं. तिने स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बूल यांना पण टाक पटकथेत, गप्प बसेल ते."

"त्यांनी लिहिलेली नाही," मी म्हटलं.

ती दोन क्षण थांबली आणि तिने तिच्या लॉगिनने ओव्हरराईड दिला, म्हणजे लाल खूण बाजूला सारून शीट मंजूर केली. त्यासाठी शेऱ्याचा रकाना भरणं सक्तीचं असतं, दीडशे अक्षरांत. समिती, लंडन, दोन मरणोत्तर ऑस्कर हे सगळं त्यात बसवताना माझी लोकल चुकली.