रॅम वाढवली, तरीही उरलेली अडचण
माझ्या लॅपटॉपवर ४के चित्रीकरणाचे संपादन करताना टाइमलाइन सतत अडखळू लागली, तेव्हा नवे यंत्र घेण्याआधी मी टास्क मॅनेजर उघडला आणि १६ जीबी रॅम पूर्ण भरलेली दिसली. ३२ जीबी केल्यावर बराच फरक पडला. एचईव्हीसी (व्हिडिओ कमी जागेत दाबून साठवण्याचा एक प्रकार) फायली मात्र तरीही जड जात होत्या, कारण त्यांत बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसून शेजारच्या फ्रेमवरून दरवेळी नव्याने उभ्या कराव्या लागतात, आणि हे वेगाने होण्यासाठी चिपमध्येच योग्य डीकोडर, म्हणजे असा व्हिडिओ उलगडणारा भाग, असावा लागतो, जो लॅपटॉपमध्ये नंतर बसवता येत नाही. सध्या मी प्रॉक्सी फायलींवर, म्हणजे मूळ चित्रीकरणाच्या हलक्या प्रतींवर, काम करतो. पुढच्या खरेदीत डीकोडरच आधी तपासेन. रॅम मदरबोर्डला कायमची जोडलेली नाही ना, हेही.