ऊन आहे, मग वीज का नाही?

मी ३३/११ केव्ही उपकेंद्रात यंत्रचालक आहे, म्हणजे ३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर आणून गावोगाव सोडायची जागा. गावात आम्हाला ऑपरेटरच म्हणतात. वीज गेली की आणखीही बरंच काही म्हणतात. वीज मंडळ होतं तेव्हा नोकरीला लागलो. ६ जून २००५ ला मंडळ मोडून निर्मिती, पारेषण, वितरण अशा वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, तेव्हा माझी खुर्ची, टेबल आणि लॉगशीट जिथल्या तिथंच राहिली. शिक्का तेवढा बदलला. म्हणून शेतीच्या फिडरला, म्हणजे शेतातल्या मोटारींच्या वेगळ्या लाईनला, सोलरची वीज देणार असं ऐकलं, तेव्हा मी मनात म्हटलं, आला आणखी एक शिक्का.

आमचं उपकेंद्र जुन्नरच्या पट्ट्यात आहे. कांदा, ऊस आणि बिबट्या. शेतीच्या फिडरला थ्री फेज आठ तास, तीही पाळीनं. आठवड्यातले काही दिवस दिवसा, उरलेले रात्री. रात्रीच्या पाळीला ब्रेकर, म्हणजे फिडर चालू-बंद करायचा मोठा स्विच, मी टाकायचो. टाकून खिडकीशी उभं राहिलं की दहा-पंधरा मिनिटांत शिवारात बॅटऱ्या हलायला लागायच्या. एक जण दारं धरणार, दुसरा बांधावर काठी आणि फटाके घेऊन उभा. मधेच लांब कुठंतरी फटाका वाजला की समजायचं, कुणाला तरी उसात काहीतरी हललेलं दिसलं. मी पत्र्याच्या का होईना, पण छपराखाली बसलेला. ब्रेकर टाकताना दरवेळी वाटायचं, या लोकांना अंथरुणातून आपणच उठवतोय.

मग मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आली. योजना तशी २०१७ ची, पण २०२३ ला तिनं खरा वेग घेतला. वैजापूर तालुक्यात धोंदलगावला २०२४ मध्ये तिच्यातला पहिला प्रकल्प सुरू झाल्याचं वाचलं. नंतर आमच्याकडेही गायरानात पॅनल उभे राहिले, ३ मेगावॅटचे. सगळेच खूश होते असं नाही. शेळ्यावाल्यांची चराईची जागा गेली, ते अजून बोलतात, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. ज्यांची स्वतःची माळरानं होती ते वेगळ्याच हळहळीत. खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख वार्षिक भाडं, वर दरसाल ३ टक्के वाढ. खडकाळ रानाला याहून चांगलं पीक कुठलं?

आमच्यापुरतं गणित सरळ आहे. कोळशाची वीज चंद्रपूर-कोराडीकडून शेकडो किलोमीटर तारेवरून यायची, वाटेत गळायची, आणि शेतीचा दर कमी म्हणून कारखान्यांच्या बिलातून तिची भरपाई व्हायची. एप्रिल २०२४ पासून तर साडेसात एचपीपर्यंतच्या मोटारींचं बिल सरकारच भरतं. त्यापेक्षा इथंच गावाशेजारी तीन रुपयांच्या आसपास युनिट मिळत असेल आणि तेही दिवसा, तर नको कोण म्हणेल? प्लांटची लाईन आमच्या ११ केव्हीच्या बसला, म्हणजे जिथून सगळे फिडर निघतात त्या पट्टीला, जोडली. शेतीचा फिडर सकाळी टाकायचा, संध्याकाळी काढायचा. रात्रीची पाळी संपली. पहिल्या आठवड्यात मला रात्री खिडकीशी उभं राहून उगाच चुकल्यासारखं व्हायचं.

आता त्या दिवसाबद्दल.

मार्चचा पहिला आठवडा. कांदा पोसायला लागलेला, म्हणजे एक पाणी चुकलं तर गळ्याशी येणारे दिवस. पहाटे चार थेंब आले. जमीन भिजेल इतके नाहीत, पण तारेचा करंट खांबात उतरू न देणाऱ्या इन्सुलेटरवर तीन-चार महिने बसलेली धूळ भिजेल इतके. मोठ्या पावसाला आम्ही तेवढं घाबरत नाही, तो धूळ धुऊन नेतो. हे चार थेंब वाईट. धुळीचा चिखल होतो आणि करंटला वाट मिळते.

नऊ वाजून दहा मिनिटांनी ट्रान्सफॉर्मरची घरघर एकदम थांबली. ही शांतता ऑपरेटरला झोपेतूनही उठवते. पॅनलवरचे दिवे गेले, बॅटरीवरचा एक लाल तेवढा राहिला. वरच्या उपकेंद्रातून फोन: "तुमची ३३ अर्थ फॉल्टवर गेली. एक ट्रायल घेतली, होल्ड होत नाही. पेट्रोलिंग करा." म्हणजे आम्हाला वीज देणाऱ्या ३३ केव्ही लाईनचा करंट कुठंतरी जमिनीत उतरत होता, आणि पुन्हा सुरू केली तरी लाईन टिकत नव्हती. चौदा किलोमीटरची लाईन, त्यातली निम्मी उसातून. दोघा वायरमनना पिटाळलं.

त्यांच्या गाड्यांचा आवाज विरतो न विरतो तोच दुसरा फोन. प्लांटवरचा पोरगा, डिप्लोमा करून नुकताच लागलेला. "काका, आमचं जनरेशन शून्यावर आलंय. वर ऊन बघा कसलं आहे! तासाला दीड-दोन हजार युनिट चाललेत वाया." म्हटलं, बाळा, तू एकटा नाहीस, रांगेत उभा राहा.

रांग खरंच लागली. साडेदहापर्यंत फाटकाशी वीस-पंचवीस माणसं. लोडशेडिंगच्या काळातही लोक यायचे. पण तेव्हा "वरूनच वीज नाही" म्हटलं की शिव्या वर जायच्या, आपण सुटायचो. आज ती सोय नव्हती. पुढे एक आजोबा होते, धोतर गुडघ्याच्या वर, पायाला ओला चिखल. म्हणजे निम्मा वाफा भरून आलेले. त्यांनी आवाज चढवला नाही. फाटकाच्या गजातून हात बाहेर काढावा तसा आत घातला, तळवा वर करून उन्हात धरला आणि म्हणाले,

"हे काय आहे?"

"ऊन आहे, आजोबा."

"आणि ते काय आहे?" बोट गायरानाकडे. निळ्या काचा लखलखत होत्या.

"प्लांट."

"मग वीज का नाही?"

मागची पोरं हसली, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. आम्हीच तर गावोगाव सांगितलं होतं, आता सूर्याची वीज, कुणावर अवलंबून राहायला नको. मला प्रशिक्षणात सांगितलेलं आठवत होतं, पण ते शब्द इथं काय कामाचे? आजोबांच्या गावची लेझीम पंचक्रोशीत नावाजलेली. म्हटलं, "आजोबा, लेझीम कशावर खेळता?"

"हलगीवर."

"हलगी थांबली तर?"

"पोरं थांबतात. थांबली नाही तर एकमेकांच्या डोक्यात घालतील."

"तसंच आहे. ती मोठ्या लाईनची वीज सेकंदाला पन्नास ठेके देते. प्लांटमधलं इन्व्हर्टर नावाचं यंत्र तो ठेका ऐकून त्याच्यावर वीज सोडतं. त्याला स्वतःची हलगी नाही. लाईन गेली, ठेका गेला, की ते डोळ्याचं पातं लवायच्या आत गप्प होतं."

"मग त्याला एक हलगी घेऊन द्या की!" मागून एक जण.

बरोबर बोलला होता. तशी यंत्रं आहेत, बॅटरी लावूनही करता येतं. पण आमच्या प्लांटला ती नाहीत. आणि पाच एचपीची, म्हणजे पावणेचार किलोवॅटची, एक मोटर सुरू होताना चालतानाच्या पाच-सहा पट करंट ओढते. गावातल्या सगळ्यांच्या मोटारी ऑटोवर, वीज आली की आपोआप सुरू होणाऱ्या. एकदम शेकडो मोटारी उठल्या तर एकटा प्लांट खालीच बसेल. हे मी त्यांना सांगितलं. ऑटो स्विचचा विषय निघाल्यावर मात्र गर्दीतले निम्मे डोळे जमिनीकडे गेले.

खरं कारण मी सगळ्यांसमोर सांगितलं नाही. आजोबांना आत बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं, तेव्हा बोललो.

२००७ चा उन्हाळा, दुसरं उपकेंद्र. बारा-बारा तास भारनियमन. एका डीपीवर, म्हणजे वस्तीला वीज देणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवर, काम निघालं. मी फिडर काढला, ब्रेकरवर 'काम चालू आहे' ही पाटी अडकवली आणि वायरमनला परमिट, म्हणजे लाईनवर काम करायची लेखी परवानगी, दिलं. सही माझी. खालच्या एका मंगल कार्यालयात लग्न होतं, त्यांनी जनरेटर लावला. मधे लाईन तोडून जनरेटर जोडणारा चेंजओव्हर स्विच नाही, थेट मीटरच्या वायरला जोडलेला. जनरेटरची वीज उलटी डीपीत शिरली, आणि डीपीला काय, खालून चारशे चाळीस दिले तर वर अकरा हजार करून देतो. तार जमिनीला जोडणारा डिस्चार्ज रॉड लावायचा राहिला होता, घाई होती. माणूस वाचला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. माझी काहीच चूक निघाली नाही, ब्रेकर उघडाच होता. तरी त्या परमिटवरची माझी सही मला आजही दिसते, शेवटचं अक्षर जरा लांबवलेली.

"आत्ता या घटकेला दोन माणसं लाईनवर आहेत," मी आजोबांना म्हटलं. "कुठल्या खांबावर आहेत मला माहीत नाही. त्या काचा गप्प आहेत म्हणून मी तुमच्याशी बोलत बसलोय."

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "उसात गेलेत का?"

"बहुतेक."

"पोरांना सांग, बोलत जा म्हणावं. आवाज करत." उठले, बाहेर गेले आणि गर्दीतल्या दोन पोरांना गाडीवरून वायरमनच्या मागं पाठवून दिलं. काठ्या देऊन. इतकी वर्षं रात्री त्यांना उसात आम्ही धाडलं, त्या दिवशी दिवसाढवळ्या आमची माणसं उसात आणि सोबतीला ते.

फॉल्ट सापडायला वेळ लागला. फुटलेला इन्सुलेटर खालून धड दिसत नाही. तडा केसाएवढा असतो. मधले एबी स्विच, म्हणजे खांबांवरचे लाईन तोडायचे स्विच, उघडून लाईनचा एकेक तुकडा वेगळा काढत गेले, ट्रायल घेत गेले. पावणेबाराला कळलं की फॉल्ट शेवटच्या चार किलोमीटरात आहे. साडेबाराला वायरमनचा फोन: "सापडला. उसाच्या मधोमध. पिन इन्सुलेटर, काळा डाग पडलाय." त्याच्यामागं कुणीतरी पत्र्याचा डबा वाजवत होतं. मी विचारलं नाही.

परमिट, अर्थिंग, बदली. "रॉड लावला का?" मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो चिडला.

एक वीसला ३३ आली. आधी ट्रान्सफॉर्मर, मग गावठाणाचा फिडर, मग सोलरचा ब्रेकर. शेतीचा टाकण्याआधी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, 'कृपया मोटारींचे ऑटो काढा, पाच मिनिटं थांबा.' टाकला. चौथ्या सेकंदाला उडाला. कुणी काढले नव्हते. आजोबा फाटकातूनच ओरडले, कुणाकुणाची नावं घेऊन, आणि तो ओरडा ग्रुपपेक्षा जास्त लांब गेला. दुसऱ्या वेळी टिकला.

प्लांट लगेच उठत नाही. ठेका नीट ऐकून खात्री करून घेतो, मग हळूहळू चढतो. मी ३३ च्या मीटरकडे बघत होतो. शेतीचा सगळा भार सुरुवातीला वरूनच आला, काटा वर चढून बसला. मग थरथरला. खाली येऊ लागला, एकेक घर. गायरानातून वीज येत गेली तसतसा वरून येणारा करंट कमी होत गेला. पोराचा फोन आला, "काका, दोन पूर्णांक सहा मेगावॅट!" जणू त्याला मुलगा झाला.

संध्याकाळी नेहमीच्या वेळेला शेतीचा फिडर काढला. लॉगशीटमध्ये लिहिलं: ३३ केव्ही बंद, ९.१० ते १३.२०. कारण: पिन इन्सुलेटर.

रात्री नऊच्या सुमारास फोन वाजला. आवाज तरण्या माणसाचा. "साहेब, दुपारचे चार तास गेले. तेवढे आता रात्री भरून द्या ना."

मी म्हणणार होतो की वरिष्ठांना विचारून बघतो. तेवढ्यात फोनच्या मागून बाईचा आवाज आला, बायकोचा की आईचा कोण जाणे: "काही नको म्हणावं. उद्या उजाडल्यावर भरू."

"बरं, राहू द्या साहेब," तो म्हणाला आणि फोन ठेवला.