मधल्या वेळचं

काल दुपारी किराणा लावताना नाचणीच्या बिस्किटांचा पुडा हाती लागला. वर नाचणीचं टपोरं कणीस छापलेलं. मला पुडा उलटा करून वाचायची खोड आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, त्यामुळे कणसापेक्षा माझा विश्वास त्या बारीक अक्षरांवर जास्त. आधी मैदा, मग साखर, मग पामतेल. नाचणी पार खाली, अंग चोरून उभी. शंभर ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं हे खरं, पण त्यासाठी आधी ती पोटात जायला हवी ना!

आमचं मधल्या वेळचं म्हणजे दाणे-गूळ. आजी लोखंडी कढईत दाणे भाजायची, सुपात घेऊन तळव्यानं चोळायची आणि मागच्या दारी पाखडायची. सालं उडून आमच्या केसांत. मुठीत मावतील तेवढे दाणे आणि वर गुळाचा खडा, हे प्रत्येकाचं माप. दादाची मूठ मोठी, त्यामुळे त्याचा फार राग यायचा. आणि नेमका शेवटचा दाणा खवट निघायचा. तोंडाची चव गेली म्हटल्यावर आणखी चार दाणे मागणं ओघानं आलंच. आजी सगळं ओळखून असायची. तरी डबा उघडायची.

आमच्याकडे आता फुटाणे, चुरमुरे, राजगिऱ्याच्या वड्या खालच्या फळीवर, लेकीच्या हाताला येतील अशा. वेफर्स सगळ्यात वर. परिणाम एवढाच, की तिला स्टूल सरकवायला छान येतं.

शाळेचं बरं असतं, तिथे निदान नियम असतात. राज्यात २०१७ साली शाळांच्या उपाहारगृहांतून वेफर्स, शीतपेयं हद्दपार करायचा आदेश निघाला. २०२० च्या केंद्राच्या नियमांनी तर शाळेभोवती ५० मीटरपर्यंत असलं काही विकायला मनाई केली. पण ज्याच्या-त्याच्या दप्तरातून जे येतं, त्याला कुठली हद्द? छोट्या सुट्टीत बाकांवर बाजारच भरतो म्हणे. लेकीनं भाव सांगितला: राजगिऱ्याच्या वडीला दोन वेफर्स, थालीपिठाच्या तुकड्याला चार.

उद्या थालीपीठच देते. जरा जास्तच देते.