तुम्ही विचारलंत म्हणून: स्पीकरमध्ये गेला की बास लाकडाचा का वाटत नाही?

जॅझचा कार्यक्रम संपला, मी केबल गुंडाळायला लागलो, की कोणीतरी मिक्सरपाशी येतंच. कधी एखादा हौशी वादक, कधी दुसऱ्या बँडचा साउंडवाला. प्रश्न ठरलेला असतो. "माणसाहून उंच लाकडी वाद्य ते, मग स्पीकरमधून डबल बास रबर ताणून सोडल्यासारखा का वाजतो? आणि तुम्ही माइक कुठला लावता?" दुसऱ्या प्रश्नात लोकांना जास्त रस असतो, कारण माइक विकत घेता येतो. मी उत्तर पहिल्याचं देतो.

माझं शिक्षण गणपती मंडळांच्या साउंडवर झालं. तिथे खालचा आवाज म्हणजे पोटात बसायला हवा, एवढीच व्याख्या. पहिल्यांदा डबल बास समोर आला तो दक्षिण मुंबईतल्या एका हॉटेलात, प्लायवूडच्या पोकळ स्टेजवर. वादक होते साठीपलीकडचे एक गोवन अंकल. त्यांच्या घोडीत पिझो पिकअप होता, म्हणजे थरथरीची वीज करणारी चकती. मी त्याची वायर सरळ नेहमीच्या डीआय बॉक्समध्ये, म्हणजे वाद्य मिक्सरला जोडायच्या डबीत, खोचली. आवाज आला चिमट्यासारखा, बारीक आणि कोरडा. मग मी मंडळात करायचो तेच केलं, 60 हर्ट्झच्या आसपासचा खालचा आवाज भरपूर वाढवला. दुसऱ्या गाण्यात ‘घूंऽऽ’ असा हुंकार सुरू झाला आणि वाढतच गेला. अंकलनी चारही तारांवर तळवा ठेवला तेव्हा कुठे थांबला.

मध्यंतरात ते खाली आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "बाबा, मिक्सर छोड़. इधर आके सुन." मला सहा फुटांवर उभं केलं आणि सगळ्यात खालची मोकळी ई तार सावकाश छेडली. आधी बोटाचं मांस तारेवरून निसटल्याचा आवाज, मग लाकडाचा ‘थड्’, आणि त्यामागून उमलत जाणारी आस. पोटात काहीच बसलं नाही. "स्पीकर में तू जो ढूँढ रहा है ना," ते म्हणाले, "वो इसमें है ही नहीं."

ते शब्दशः खरं होतं हे मला पुढे कळलं. ई तारेचा मूळ स्वर साधारण 41 हर्ट्झ. पण बासच्या पोटातली हवा घुमते ती 60 हर्ट्झच्या आसपास. त्याखालचे स्वर वाद्य हवेत फारसे फेकतच नाही. आपण ऐकतो ते मुख्यतः 82, 123 आणि त्यावरचे स्वर. तानपुऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. इथे कान उलटं काम करतो: वरचे स्वर ऐकून खालचा स्वतःच भरून घेतो. पिकअपला मात्र ही गोष्ट माहीत नसते. तो घोडीत बसून तारेची थरथर पकडतो. पोटातून गाळून, घुमून बाहेर येणारा आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे त्याच्याकडे 41 हर्ट्झ रग्गड आणि लाकूड शून्य. ते सबवूफरला दिलं की हॉलमध्ये असा आवाज भरतो जो त्या वाद्याने कधी काढलेलाच नसतो. म्हणून छोट्या हॉलमध्ये मी बास सबवूफरला पाठवतच नाही, आणि पिकअपचं 50च्या खालचं कापून टाकतो. हे सांगितलं की समोरचा माझ्याकडे संशयाने बघतो. बासचा खालचा आवाज कापायचा?

त्या रात्री चिमटा का आला तेही सांगतो, कारण ही चूक आजही रोज होते. पिझो हा विजेच्या भाषेत एक छोटासा कपॅसिटर असतो. त्याच्यापुढचा इनपुट कमी रोधाचा असेल तर खालचे स्वर तिथेच गळतात. पिझोला किमान 1 मेगाओम रोधाचा इनपुट हवा, 10 असेल तर उत्तम. माझा साधा डीआय त्याच्या कितीतरी खाली होता. म्हणजे घागर बुडाशी गळत होती आणि मी वरून नळ सोडत होतो. सोडला तोही नेमका 60वर, जिथे बासच्या पोटातली हवा घुमायला आधीच टपून बसलेली. पुढे पिझोला झेपेल असा चांगला प्रीअँप आला आणि अर्धं दुखणं पळालं.

उरलेलं अर्धं माइकचं. एफ आकाराच्या भोकासमोर माइक लावायचा मोह सगळ्यांना होतो, कारण आवाज तिथून ‘बाहेर येतो’. तिथे नुसता घुमारा मिळतो. मी घोडी आणि छेडणारी बोटं यांच्या मधोमध लावतो, लाकडापासून वीतभर लांब, पाठ ड्रमच्या झांजेकडे. जागाच नसेल तर माइक फोममध्ये गुंडाळून घोडीखाली, तारा जिथे खाली अडकवलेल्या असतात त्या टेलपीसपाशी खोचायचा. ही जुनी युक्ती अजून चालते. हॉल शांत असेल तर माइक पुढे आणि पिकअप नावापुरता. ड्रमर दांडगा असेल तर उलट: खालची बाजू पिकअपने सांभाळायची, माइकमधून फक्त बोटं आणि लाकूड घ्यायचं. दोन्ही एकत्र करताना आणखी एक भानगड असते. आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे वीतभर लांबचा माइक पिकअपच्या अर्धा मिलिसेकंद मागे, शिवाय दोघांची दिशाही कधी कधी उलटी. मिक्सरवरचं दिशा उलटवणारं बटण एकदा दाबून, एकदा सोडून ए तार ऐका. ज्यात आवाज भरीव वाटेल ते ठेवा. यात अक्कल लागत नाही, फक्त विसरायचं नसतं.

माइक आणि वाद्य जोडण्याची ही खटपट नवी नाही. अमेरिकेत 1946मध्ये एव्हरेट हल यांनी बास जमिनीवर ज्यावर टेकतो त्या खालच्या सळईत माइक बसवला. ‘अँप्लिफाइड पेग’वरून त्याचं नाव झालं अँपेग. तेव्हा तारा आतड्याच्या आणि लाकडापासून उंच असायच्या. आवाज मोठा, आस तोकडी. पुढे पोलादी तारा आल्या, त्या खाली घेता आल्या, आस लांबली, बोटं पळायला लागली आणि वाद्य पिकअपच्या हवाली झालं. सत्तरच्या दशकातल्या कित्येक रेकॉर्डवर महान वादकांचा बास रबरी ऐकू येतो तो त्यामुळेच. माझं मत आहे, वाद घालायला हरकत नाही.

काही जण फोनवर 1961चं रेकॉर्डिंग लावून दाखवतात: न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये 25 जूनच्या रविवारी पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रिकुटाचं. "असा आवाज द्या." स्कॉट लाफारोचा बास त्यात इतका जवळ आहे की वाटतं हात लावावा. (अकरा दिवसांनी तो मोटार अपघातात गेला. वय पंचवीस.) मी म्हणतो, देतो, पण ती तळघरातली शे-सव्वाशे माणसांची जागा आहे, ग्लासांची किणकिण ऐकू येतेय, आणि ड्रमवर पॉल मोशन आहे. तुमच्या ड्रमरला निदान पहिली दोन गाणी काठ्यांऐवजी ब्रशने, हळू वाजवायला सांगता का? इथे बहुतेक संभाषण संपतं.

पावसाळ्याचं वेगळंच. जुलैत लाकूड ओल पितं, पोट फुगतं, तारा वर चढतात. चार वाजता एसी बंद असताना साउंड चेक करायचा आणि आठला गारठ्यात वाजवायचं, म्हणजे एकाच दिवसात दोन वाद्यं. यावर माझ्याकडे उपाय नाही. संयोजकाला एसी दुपारपासून लावायला सांगतो, तो विजेच्या बिलाचं सांगतो.

सगळं जमलं की मी एकच परीक्षा घेतो. बँड वाजत असताना मिक्सरवरची बासच्या आवाजाची सरकपट्टी, म्हणजे फेडर, हळूहळू पूर्ण खाली आणतो. वादक चार पावलं मागे सरकल्यासारखा वाटला तर ठीक. वादकच बदलल्यासारखा वाटला, तर पुन्हा पहिल्यापासून.

आणि ते हॉटेल. दुसऱ्या सत्राआधी अंकलनी बासच्या कव्हरच्या खिशातून चौपदरी घडी केलेलं रबरी पायपुसणं काढलं आणि सळईखाली सारलं. स्टेजची पोकळी सळईमार्फत बासशी बोलत होती, ते बोलणं तुटलं. माझ्या इक्यूने, म्हणजे स्वर वाढवण्या-कापण्याच्या बटणांनी, जे अर्ध्या तासात झालं नव्हतं ते एका पायपुसण्याने झालं. आता माझ्या पेटीतही एक असतं. कोणी माइक विचारला की मी आधी ते काढून दाखवतो. समोरचा हसतो, माझा नंबर घेतो आणि आठवड्याने फोन करून माइकचीच किंमत विचारतो.