आमची वाटचाल : दिवसाही दिवा लागणाऱ्या घरांतून

आमचा धंदा मूळचा रंगकामाचा. वडील पुण्यात कसबा, शनिवार, नारायण पेठेतल्या वाड्यांना चुना मारायचे. चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, डिंक घालायचा आणि शेवटच्या हाताला चिमूटभर नीळ. निळीने पांढरा आणखी पांढरा दिसतो. ओसरीवर, चौकात तर लख्खच. माजघरात मात्र तोच चुना राखाडी दिसायचा आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "आत माल हलका वापरलात वाटतं." माल एकच असे. माजघराला खिडकीच नसायची. उजेडच पडला नाही तर पांढरी भिंत परत काय फेकणार? शेवटी वडील माजघराच्या चुन्यात निळीऐवजी थोडी पिवडी, म्हणजे पिवळी माती, घालू लागले आणि तक्रारी थांबल्या. आमचा आजचा व्यवसाय त्या पिवडीवर उभा आहे असं मी सांगतो. हिशेब बायको बघते. ती म्हणते, बँकेच्या कर्जावर.

१९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतले पुष्कळ वाडे पडले. उरलेल्यांपैकी बरेच पुढे एकेक करून पाडले गेले आणि तिथे इमारती आल्या. वाड्याला निदान चौक होता, इमारतीला डक्ट आलं, म्हणजे भिंतींमधली हवेपुरती अरुंद पोकळी. मी धंद्यात आलो तोवर पेठेत अशी घरं झाली होती की खिडकीतून हात बाहेर काढला तर शेजारच्यांची भिंत लागावी. नुसता रंग लावून निघून येणं मला पटेना. मग एक सुतार आणि एक वायरमन जोडीला घेतला आणि 'अंधारी खोली असेल तर बोलवा' अशी पाटी दुकानावर लावली. लोक हसले, पण बोलावूही लागले.

लोकांचा उपाय ठरलेला असतो: भिंतींना पांढरा रंग, ६५०० केल्विनची (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप; आकडा कमी तितका उजेड पिवळसर) पांढरीफटक ट्यूब, वर पीओपीचं फॉल्स सीलिंग. आम्ही तिन्ही टाळतो. सीलिंगवर तर माझा रागच आहे. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या साधारण दोन-अडीच पट आतपर्यंत कामाचा उजेड पोचतो, तोही समोर आकाश मोकळं असेल तर. अशा खिडकीच्या डोक्यावर पीओपी खाली उतरवायचं, वर जाड पडद्याचं पेलमेट ठोकायचं आणि मग खोली कोंदट वाटते म्हणून एसी घ्यायचा! आम्ही छत आहे तिथेच ठेवतो आणि पांढरं देतो, बिनचकाकीचं. भिंतींना साय, फिकट हळदी, कच्च्या आंब्याच्या आतल्या गरासारखा रंग. आणि आरसा खिडकीच्या समोर नाही, लगतच्या भिंतीवर. समोर लावला तर शेजारच्यांची मोरीची पाइप दोनदा दिसते.

नारायण पेठेतल्या एका आजींचं काम आठवतं. तळमजला, स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये. मुलाने शेडकार्डावरून रंग पसंत करून ठेवला होता. शेडकार्ड दुकानातल्या उजेडात बघून काही कळत नाही, म्हणून आम्ही दोन फुटी हार्डबोर्डावर रंगाचे दोन हात मारून तो तुकडा त्याच भिंतीला टेकवतो. सकाळी अकराला बघायचा, संध्याकाळी दिवे लावूनही बघायचा. आजींनी बोर्डाकडे पाहिलंच नाही. म्हणाल्या, "अहो, रंग कुठलाही द्या. मला तांदळातला खडा दिसत नाही." दिवा खोलीच्या मधोमध, आजी ओट्याकडे तोंड करून, त्यांचीच सावली ताटावर. रंगाचं काम बाजूला ठेवून आम्ही आधी वरच्या फळीच्या खालच्या पुढच्या कडेला ४००० केल्विनची पट्टी बसवली, बाहेरच्या खोलीत ३००० ची, दोन्ही ९० सीआरआयच्या. सीआरआय म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं शंभरपैकी माप. बाजारात सर्रास मिळतो तो ८० चा माल. त्यात टोमॅटो शिळा वाटतो आणि माणूस आजारी. दाराच्या वर पूर्वी झडप होती ती कुणीतरी प्लायने बुजवली होती. ती उघडून दुधी काच घातली, म्हणजे रस्त्याकडच्या खोलीतला उजेड आत येतो. रंग सगळ्यात शेवटी दिला. आजींनी सायीचाच घेतला.

एलईडीने आमचं काम सोपं केलं हे खरं. जुन्या ६० वॅटच्या बल्बइतका उजेड ९ वॅटमध्ये मिळतो, त्यामुळे एकाच्या जागी चार दिवे लावा म्हटलं तरी गिऱ्हाईक वीजबिलाचं नाव काढत नाही. चार कोपऱ्यांत चार मंद दिवे खोलीला मोठं करतात. मधला एकच भगभगीत दिवा कोपरे आणखी काळे करतो.

ओल असलेल्या भिंतीला आम्ही अजूनही हात लावत नाही. अंधाऱ्या खोलीत भिंत वाळायला वेळ लागतो. घाईने पुट्टी मारली की पुढच्या श्रावणात पोपडे. आधी गळती काढा, मग बोलवा. यावरून कामं गेली आहेत, जातातही.

आता पुनर्विकासाच्या सोसायट्या नकाशा पास व्हायच्या आधी बोलावतात. मी एकच हट्ट धरतो: खिडकी बीमपर्यंत चढवा. निम्मे बिल्डर ऐकतात. उरलेल्या निम्म्यांची घरं ताबा मिळाल्यावर आमच्याकडे येतात.